डाव्या हाताचं गाढव

चष्म्याच्या दुकानात लहान मुलं आली की एक तर आरशापुढे उभी राहून वेडीवाकडी तोंडं करतात, नाहीतर फिरत्या स्टुलावर गरगर फिरतात. ही मुलगी आली की सरळ काउंटरखाली शिरायची. काचा पुसायची फडकी आणि रिकाम्या डब्या ठेवायच्या कप्प्याशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे घट्ट मिटून बसायची आणि आतून सांगायची, "मी नाहीये इथे."

तिची आई सिटी बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात गणवेशातच धावतपळत यायची आणि काउंटरवर चष्मा ठेवायची. कधी दांडी मोडलेली, कधी नाकावरचं पॅड गायब. या वेळी काचांवर असा काही थर बसला होता की तो कशाचा आहे ते आईलाही सांगता येईना.

"बुटात सापडला," ती म्हणाली. "त्याआधी कुंडीत पुरला होता. झाडाला पाणी घालताना वर आला म्हणून दिसला."

दुकानातली दुरुस्तीची सगळी कामं डावरीकडे होती. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण चमचा डाव्या हातात धरते म्हणून लहानपणी घरात पडलेलं हे नाव लग्नानंतरही सुटलं नाही. थोरल्या बहिणीने एकदा दुकानात फोन करून "डावरी आहे का?" असं विचारलं, तेव्हापासून मालकही तिला तेच म्हणू लागले. तिला त्याचं काही वाटत नसे. मोहरीपेक्षा लहान स्क्रू डाव्या चिमटीत धरून ती एका दमात बसवायची, आणि मालक, जे सहसा कुणाचं कौतुक करत नसत, गिऱ्हाइकाला म्हणायचे, "त्यांच्याकडे द्या. त्यांचा हात बसलेला आहे."

डावरीने चष्मा धुतला, दांडी सरळ केली आणि काउंटरखाली वाकून बघितलं.

"टिल्ली," तिने हाक मारली. मुलीला घरी टिल्ली म्हणतात हे तिला एव्हाना माहीत झालं होतं. "हा टोचतो का तुला? कानामागे? सांग, मी घासून देते."

"टोचत नाही."

"मग?"

टिल्लीने एक डोळा उघडला. "सगळ्याला कडा येतात."

"म्हणजे?"

"टेबलाला कडा येतात. आईला पण कडा येतात. चष्मा नसला की सगळं मऊ असतं."

आईने कपाळावर हात मारला. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत का तुम्ही? डावा डोळा आळशी होत चाललाय. आत्ता चष्मा लावला तर सुधारेल, नाहीतर तो डोळा बघायचंच सोडून देईल म्हणे. मी रस्त्याच्या त्या टोकाचा सिग्नल वाचते हो, आणि माझ्या पोरीला माझं नाक दिसत नाही." शेवटचं वाक्य बोलून ती घड्याळाकडे बघू लागली.

डावरी पुन्हा खाली वाकली. मुलांशी काय बोलावं हे न समजणारी माणसं जे विचारतात तेच तिने विचारलं. "तुला कुठला प्राणी आवडतो?"

"गाढव," टिल्ली म्हणाली आणि डोळे मिटले.

हे उत्तर होतं की शिवी, ते कुणालाच नीट कळलं नाही. डावरीने ते उत्तर धरलं.

त्या दिवशी घरी जाताना तिच्या डोक्यात एवढंच होतं की चष्मा लावलेलं एखादं गाढव असलं तर. चष्मा ती स्वतः करू शकत होती. मोडक्या फ्रेमांच्या तारा दुकानात बरणीभर पडल्या होत्या. प्रश्न गाढवाचा होता. बाजारात अस्वलं होती, ससे होते, गाढव कुठेच नव्हतं. आणि घरात क्रोशाचं काम करणारी म्हटलं की नाव एकच, ताईचं.

ताईच्या घरात उघडी वस्तू म्हणून दिसायची नाही. टीव्हीवर क्रोशाची जाळी, फ्रिजच्या मुठीला क्रोशाचा मोजा, फोनखाली क्रोशाची चकती. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा तिने झालरीचा झगा घातला होता. तिचे यजमान म्हणायचे, मी एका जागी फार वेळ बसत नाही, उगाच धोका कशाला.

"गाढव?" ताई म्हणाली. "मी रुमाल करते, शाली करते. गाढवं नाही करत मी. आणि या महिन्यात दोन शाली द्यायच्या आहेत. तू ये, तुला शिकवते, तूच कर."

दोघींनाही क्षणभर अवघडल्यासारखं झालं. हा प्रयोग पूर्वी झालेला होता. त्यांची आई होती तेव्हा तिने दोघी मुलींना शेजारी शेजारी बसवून क्रोशा शिकवला होता, म्हणजे ताईला शिकवला आणि डावरीला काही दिवसांनी उठवलं. "हिचा हात उलटा आहे, हिला नको जुंपायला," असं आई म्हणाली होती. रागाने नाही, दया येऊनच. डावरी तेव्हापासून लोकर गुंडाळून द्यायचं काम करायची, आणि पुढे तेही सुटलं.

तरी ती गेली. ताईने तिला सोफ्यावर शेजारी बसवलं, राखाडी लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवर टाकला आणि क्रोशाची सुई हातात दिली. डावरीने ती डाव्या हातात घेतली. ताईने काढून उजव्या हातात दिली.

"हं. गाठ मार. आता सुईवर लोकर घे, आतून ओढ. झाली साखळी. हा बघ मुका खांब. घरात सुई घाल, लोकर घे, बाहेर ओढ, पुन्हा लोकर घे, दोन्हीतून काढ. इकडून नाही गं. तिकडून. अगं तिकडून."

उजव्या हातात सुई म्हणजे डावरीला दुसऱ्याचा हात उसना घेतल्यासारखं वाटत होतं. डाव्या हातात घेतली की ताई जे दाखवायची ते सगळं तिला मनातल्या मनात उलटं करून बघावं लागे, आणि ते उलटं होईतो ताई चार टाके पुढे गेलेली असे. तासाभराने तिच्या हातात जे होतं ते बघून ताईचे यजमान म्हणाले, "वा, भांडी घासायला मस्त."

ताई हसली नाही. तिने तो गोळा हळूच काढून घेतला. "राहू दे गं. तुला काचा जमतात ना, बस झालं. मी पुढच्या महिन्यात बघते जमलं तर."

हे ती अगदी मायेने बोलली आणि तेच डावरीला लागलं. चाळिशी ओलांडलेली बाई, दोन मुलं वाढवलेली, आणि पुन्हा त्याच सोफ्यावरून उठवली गेली होती. जाताना तिने लोकरीचा गुंडा आणि सुई पिशवीत टाकली. ताईने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दुपारी जेवणानंतर दुकानात सामसूम असायची. मालक आतल्या खोलीत काचा घासायच्या यंत्रापाशी असायचे आणि डावरी काउंटरवर एकटी. तिने मोबाइलवर क्रोशाचे व्हिडिओ लावून बघितले. बाई चांगली सावकाश शिकवत होती, पण ती पडली उजव्या हाताची. डावरी बघायची, उलटं करायची, चुकायची, उसवायची. लोकर इतक्यांदा उसवली गेली की तिला बारीक केस फुटले.

मग एका दुपारी ती गिऱ्हाइकांचा आरसा पुसत होती. काउंटरवरचा तो गोल आरसा, ज्यात लोक नव्या फ्रेममध्ये आपण कसे दिसतो ते बघतात. व्हिडिओ चालूच होता, मोबाइल तिने आरशासमोरच्या डबीला टेकवून ठेवला होता. फडकं फिरवता फिरवता तिची नजर आरशात गेली, आणि तिचा हात थांबला.

आरशातली ती शिकवणारी बाई डावरी होती.

सुई डाव्या हातात, लोकर उजव्या बोटांवरून. मागच्या भिंतीवरची अक्षरं उलटी, पण हात सुलटे. डावरीने फडकं टाकलं, स्टूल ओढलं आणि मोबाइल उचलून नीट आरशाकडे तोंड करून ठेवला. मग आपली सुई डाव्या हातात घेऊन ती आरशात बघत बसली. आरशातल्या बाईने लोकर बोटाभोवती गुंडाळून कडं केलं, तिने केलं. बाईने त्या कड्यात सहा मुके खांब घातले, तिने घातले. बाईने लोकरीचं सुटं टोक ओढलं आणि कडं मिटून मधलं भोक नाहीसं झालं. डावरीने ओढलं. नाहीसं झालं.

ती बराच वेळ त्या नाण्याएवढ्या चकतीकडे बघत राहिली. ती चकती तिने पालथी केली, उताणी केली, खिडकीच्या उजेडात धरली. मग आत जाऊन यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "मालक, जमलं."

मालकांनी यंत्र बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि चकती बघितली. "हे काय आहे?"

"गाढवाचं नाक."

"बरं," मालक म्हणाले आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. डोकं करताना एका घरात दोन टाके घालायला ती विसरली, त्यामुळे डोकं फुगायच्या ऐवजी लांबतच गेलं. मालक म्हणाले, वांगं छान आहे, देठ कधी करणार. दुसरं डोकं वाटीसारखं वळलं, पण उलट्या बाजूने, सगळे धागे बाहेर. ते कसं झालं हे कळायला तिला दोन दुपारी लागल्या, आणि कळलं तेव्हा ती वाटी मोज्यासारखी उलटवली की झालं, एवढंच होतं. फेरी कुठून सुरू झाली ते लक्षात राहावं म्हणून तिने फ्रेमला लावायची किमतीची चिठ्ठी दोऱ्यासकट टाक्यात अडकवली. त्यामुळे कितीतरी दिवस गाढवाच्या मानेला भाव लटकत होता आणि येणारी गिऱ्हाइकं तो वाचून जात होती.

कान मात्र पहिल्या फटक्यात झाले. लांब, मऊ, टोकाशी किंचित दुमडलेले. ते झाले त्या दिवशी ती घरी जाताना दोन्ही कान खिशात ठेवून, खिशात हात घालून चालली.

कापूस कमी पडला तेव्हा तिने नवऱ्याची उशी उसवली. तिच्या नवऱ्याचं काम लिफ्ट दुरुस्त करायचं, दिवसभर उंचावर लटकून आलेला माणूस आडवा झाला आणि म्हणाला, "आज मान खाली का जातेय?"

"गाढवाला पोट लागतं," ती म्हणाली.

"घरातल्या गाढवाला मान नको का?" असं म्हणून त्याने दोन टॉवेलांची घडी उशीखाली घातली आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विचारलं की शेपटीचं काय ठरलं.

पोट शिवून झाल्यावर डावरीला दिसलं की मानेखाली एक घर सुटलंय. छोटंसंच भोक, पण एकदा दिसल्यावर तेच दिसत राही. उसवायचं म्हणजे अर्धं पोट उसवायला लागणार होतं. तिने सुई टोकाशी नेली आणि परत घेतली. इतकं उसवून झालं होतं की लोकरीचा आता भरवसा नव्हता. राहू दे, तिने ठरवलं. मागचा एक पाय पुढच्यापेक्षा थोडा लांब झाला होता, त्यामुळे गाढव उभं केलं की कुणाचं तरी बोलणं ऐकायला वाकल्यासारखं दिसे. तेही तसंच ठेवलं.

मग चष्मा. इथे तिला कुणाला विचारायचं नव्हतं. बरणीतली पातळ तार तिने पक्कडीने वळवली, दोन गोल केले, मध्ये नाकाचा बाक दिला, दांड्यांची टोकं गोल करून घासली. ती तार तोलून बघत असताना मालक मागे येऊन उभे राहिले.

"नुसतीच तार? काचा?"

"गाढवाला कशाला काचा?"

"चष्म्याच्या दुकानातलं गाढव आहे," मालक म्हणाले. "लोक काय म्हणतील. नंबर काय?"

"तिचाच."

मालकांनी कापून उरलेल्या तुकड्यांतून टिल्लीच्या नंबरची काच शोधली आणि यंत्रावर दोन काचा घासल्या, एकेक शर्टाच्या बटणाएवढी. पहिली जोडी बसेना म्हणून न बोलता दुसरी घासली. काचा बसवून चष्मा गाढवाच्या नाकावर ठेवला तेव्हा काचांमागे त्याचे काळे मण्याचे डोळे एकदम मोठे झाले, जणू त्याला आत्ताच कुणीतरी काहीतरी नवलाचं सांगितलं होतं. मालक तोंडावर हात ठेवून हसले. दुकानात कामाला लागल्यापासून डावरीने त्यांना हसताना फारसं बघितलं नव्हतं.

तिने फोटो काढून ताईला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

ताईचं उत्तर आलं नाही, ताईच आली. पर्स काउंटरवर ठेवून, चष्मा लावून तिने गाढव उचललं आणि शिंपी दुसऱ्याने शिवलेला सदरा बघतो तसं बघायला लागली. शिवण बघितली, कानाची मुळं ओढून बघितली, मानेखालच्या भोकात करंगळीचं नख घातलं. डावरी समोर उभी राहून एकच फ्रेम पुन्हा पुन्हा पुसत होती.

"टाके उलटे चाललेत," ताई शेवटी म्हणाली.

"उलटे नाहीत, ताई. डावे आहेत." डावरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "तुझी फेरी घड्याळाच्या उलट जाते. माझी घड्याळासारखी जाते. बघ हवं तर."

ताईने गाढव फिरवून बघितलं, मग हवेत बोट फिरवून आपली फेरी आठवून बघितली. "खरंच की गं," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं उलटी मीच." आणि ती हसली, इतकी हसली की फ्रेम बघायला आलेल्या बाई वळून बघायला लागल्या. हसणं थांबल्यावर तिने विचारलं, "कुणी शिकवलं?"

डावरीने तिला आरसा दाखवला. मोबाइल लावून, स्टुलावर बसवून सगळं करून दाखवलं. ताई आरशातल्या बाईचे हात बघत राहिली.

"आई तुला शेजारी बसवायची," ती हळू आवाजात म्हणाली. "मीही शेजारीच बसवलं. समोर बसवलं असतं तर झालं असतं."

"आता बस की समोर," डावरी म्हणाली. "आयाळ राहिलीय. ती मला येत नाही."

ताईने स्टूल ओढलं आणि काउंटरच्या पलीकडे, बहिणीच्या बरोब्बर समोर बसली. तिचा उजवा हात, हिचा डावा. लोकरीचे तुकडे टाक्यात अडकवायचे, ओढायचे, छाटायचे. दोघींचे हात समोरासमोर एकाच वेळी वर-खाली होत होते आणि एकदाही कुणाला "इकडून नाही, तिकडून" म्हणावं लागलं नाही. निघताना ताईने आयाळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कान माझ्याकडून असे झाले नसते." ताईच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे काय, ते ज्याला ताई माहीत आहे त्यालाच कळेल. डावरीकडून त्या रात्री स्वयंपाक करताना दोनदा मीठ पडलं.

टिल्ली आली ती नेहमीसारखीच, आईच्या हाताला लोंबकळत. चष्म्याची दांडी पुन्हा वाकली होती. आईच्या चेहऱ्यावर आता रागही उरला नव्हता. टिल्ली काउंटरखाली शिरणार, तेवढ्यात डावरीने गाढव काउंटरच्या कडेला आणून ठेवलं.

टिल्ली थांबली. तिने मान पुढे काढली. "हे काय आहे?"

"गाढव."

टिल्लीने हात लावला. मग दोन्ही हातांनी उचलून गालाला लावलं. "मऊ आहे," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने ही फार मोठी पावती होती. बोटांनी चाचपत ती नाकापर्यंत आली. "ह्याने चष्मा का लावलाय?"

"त्याला नीट दिसत नाही म्हणून."

टिल्लीने थोडा विचार केला. मग अगदी काळजीपूर्वक, एकेक दांडी सोडवत, तिने गाढवाचा चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला. "आता त्याला बरं वाटतंय," ती म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघू लागली. आतल्या दारात उभे असलेले मालक खाकरले आणि पुन्हा आत गेले. डावरीला वाटलं, संपलं. इतक्या दुपारी, ती वांगी, ती उशी, सगळं त्या बटणाएवढ्या चष्म्यासारखं बाजूला काढून ठेवलं गेलं होतं. टिल्ली गाढवाला छातीशी धरून हळूच काउंटरखाली निघाली होती.

टिल्लीचा चष्मा घेऊन डावरीही खाली बसली, फरशीवर, तिच्या समोर.

"त्याच्यात एक चूक आहे," ती म्हणाली. "मीच केलीय. मानेखाली. सापडते का बघ."

टिल्लीने गाढव नाकाला लावून बघितलं. मग दूर धरून बघितलं. बोटांनी चाचपलं. "नाही सापडत. सगळं राखाडी आहे."

"माझ्या ताईला सापडली."

"तिने चष्मा लावला होता?"

"हो," डावरी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

टिल्लीच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. तो चपलेतून वर-खाली होत होता. डावरीने चष्म्याची दांडी बोटांनी सरळ केली आणि तो हातात तसाच धरून ठेवला, पुढे केला नाही. थोड्या वेळाने टिल्लीने तो स्वतः घेतला आणि लावला.

काचांमागे तिचे डोळे मोठे झाले. तिने गाढवाकडे बघितलं आणि तिचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"ह्याला छोटी छोटी काहीतरी आहेत," ती म्हणाली. "सगळीकडे."

"त्यांना घरं म्हणतात."

"घरं?" तिने बोट फिरवत फिरवत एक अख्खी फेरी पुरी केली. "सगळी एकमेकांना चिकटून आहेत. रांगेत." मग ती थांबली. "इथे घर नाहीये. इथे भोक आहे."

"तीच चूक."

टिल्लीने मान वर केली नाही. "आणि इथे पण आहे. इथे दोन घरं एकाच घरात गेलीत. आणि ह्या पायाला बघ, इथे."

डावरी पुढे वाकली. पायावरची चूक तिला स्वतःला माहीत नव्हती. ताईलाही सापडली नव्हती. पोर आळशी डोळ्याने तिच्या कामातल्या चुका एकेक करून बाहेर काढत होती, आणि प्रत्येक चुकीसरशी डावरीला असं वाटत होतं की आपण याहून चांगलं काम आयुष्यात कधी केलेलं नाही.

"आई, बघ ना," टिल्ली काउंटरखालून बाहेर येत म्हणाली, आणि मग आईकडे बघून म्हणाली, "तुझ्या टोपीवर बस काढलीय."

आईने रोज घालायची ती टोपी काढून हातात घेतली. तिच्यावरची शिवलेली इवलीशी बस ती अशी बघू लागली, जणू तिलाही ती आत्ताच दिसत होती. "हो गं," ती म्हणाली. "बसच आहे."

मालक पुन्हा दारात आले होते. टिल्लीने त्यांच्याकडे वर बघितलं. "तुमच्या नाकात केस आहेत."

"आहेत," मालक म्हणाले. "बरेच आहेत."

टिल्लीने काउंटरवरून गाढवाचा चष्मा उचलला आणि त्याच्या नाकावर पुन्हा चढवला, दांड्या कानांमागे नीट खोचून. "लाव," तिने त्याला दटावलं. "नाहीतर कसं कळणार तुला."

"कुठून आणलंत हो हे?" आईने डोळे पुसत विचारलं. "बाजारात मी कुठे बघितलं नाही."

"आणलं नाही. मी केलं," डावरी म्हणाली. "माझ्या हाताने." आणि तिने हात वर करून दाखवला, डावा.

काही महिने गेले. कुंडीत, बुटात, पिठाच्या डब्यात आता काही सापडत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा डोळा कामाला लागलाय. आळस पुरता गेलेला नाही, पण चाल चांगली आहे. आई ती बातमी घेऊन जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच दुकानात उतरली. तिच्या मागून टिल्ली आली, नाकावर चष्मा, काखेत गाढव. गाढवाची आयाळ विंचरून विंचरून विरळ झाली होती.

"ह्याला भाऊ पाहिजे," टिल्लीने डावरीला सांगितलं.

"करू या. कुठल्या रंगाचा?"

टिल्लीने दुकानात चारी बाजूंना बघितलं. फ्रेमांचे रंग तिला पसंत पडले नाहीत. ती दारात गेली, रस्त्याच्या पलीकडची उंच इमारत खालपासून वरपर्यंत बघत गेली आणि बोट केलं. "तसा. वर वाळत घातलाय ना, त्या मोज्यासारखा. एकच आहे, त्याची जोडी नाहीये."

डावरी दारात आली. मालक आले, डोळे बारीक करून बघू लागले. आई आली, रस्त्याच्या टोकाचा सिग्नल वाचणारी. तिघंही माना वर करून उभी राहिली. सगळ्यात वरच्या मजल्यावर दोरीवर कपडे हलत होते, चादरी, सदरे, काहीतरी निळं.

"मला काही मोजा दिसत नाही बुवा," मालक म्हणाले.

"तो काय," टिल्ली म्हणाली. "हिरवा. टाचेला ठिगळ आहे."